मांडीवरची जागा

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात पालक आणि बालवाडीशिक्षिका यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आजचा विषय लहान मुलांच्या पुस्तकांचा असला तरी तो लहान नाही. भावंडाचा किंवा मित्राचा हेवा वाटणे, तो ओळखणे आणि त्यातून बाहेर येऊन दुसऱ्याशी मायेने वागणे, हा प्रवास ज्यांत चित्रांच्या साहाय्याने मांडला आहे, अशा काही पुस्तकांविषयी मला बोलायचे आहे.

आपल्या भाषेने या भावनेचे किती बारकाईने निरीक्षण केले आहे, हे पाहण्यासारखे आहे. दुसऱ्याचे चांगले झाले की आपल्या पोटात दुखते, ते आपल्या डोळ्यांत सलते, आपण त्याच्यावर जळतो. हे सारे शब्दप्रयोग शरीराचे आहेत. मत्सर हा आधी विचार नसतो, ते एक दुखणे असते, हे भाषेला ठाऊक आहे. मराठीत ‘हेवा वाटणे’ आणि ‘हेवा करणे’ असे दोन वेगळे प्रयोग आहेत. वाटणे आपल्या हाती नसते, करणे असते. लहान मुलाला हेवा वाटतोच. मोठेपणी त्याने तो करीत राहायचे की नाही, हे पुष्कळसे त्याच्या बालपणी ठरत असते.

षड्रिपूंच्या यादीत मत्सराचा क्रमांक शेवटचा आहे. म्हणून तो दुर्बळ आहे असे मात्र नाही. काम आणि लोभ यांना स्वतःसाठी काहीतरी हवे असते. मत्सराचे तसे नसते. जे दुसऱ्याजवळ आहे ते त्याच्याजवळ नसावे, एवढीच त्याची मागणी असते, आणि म्हणून ती कधीही पुरी होत नाही.

वृत्तपत्रव्यवसायात असल्यामुळे मला तालुक्याच्या न्यायालयांत अनेक वर्षे जावे लागले. बांधावरच्या हातभर जमिनीसाठी सख्खे भाऊ समोरासमोर उभे राहतात, वडिलांच्या हयातीत गुदरलेला दावा नातवंडांच्या वाट्याला येतो, हे आपल्यापैकी अनेकांनी आपल्याच गावात पाहिले असेल. सातबाऱ्याचे उतारे आणि वाटणीपत्रे यांच्या आडून बोलताबोलता एखादे वाक्य निसटते, “आईचा ओढा कायम त्याच्याकडेच होता.” साठी ओलांडलेला माणूस हे बोलत असतो. मराठीने या दुखण्यासाठी ‘भाऊबंदकी’ असा स्वतंत्र शब्दच घडवला आहे. त्या शब्दाची मुळे जमिनीत असतात त्यापेक्षा अधिक आईच्या मांडीवरच्या जागेत असतात, असे मला वाटते. बत्तीस-पस्तीस पानांच्या रंगीत पुस्तकाकडे मी गांभीर्याने पाहतो, ते एवढ्यासाठी.

खुर्ची, टेबल आणि टेकडी

चित्रपुस्तक म्हणजे गोष्टीच्या मजकुराला सोबत म्हणून चित्रे दिलेले पुस्तक नव्हे. तेथे निम्मी गोष्ट शब्द सांगतात आणि निम्मी चित्रे. वाचता न येणारे मूल चित्रे वाचते, मोठे माणूस शब्द वाचते, आणि दोघे मिळून गोष्ट पुरी करतात. मूल स्वतःविषयी जे शब्दांत सांगू शकत नाही, ते येथे बोटाने दाखवू शकते. मत्सरासारख्या लाजिरवाण्या भावनेसाठी ही मोठी सोय आहे.

एझ्रा जॅक कीट्स या अमेरिकन चित्रकार-लेखकाचे ‘पीटर्स चेअर’ हे पुस्तक १९६७ साली प्रसिद्ध झाले. पीटरच्या घरी धाकटी बहीण आली आहे. त्याने ठोकळ्यांचा उंच मनोरा रचला आहे. तो कोसळतो, आणि आई म्हणते की आता घरात बाळ आहे, आवाज करू नकोस. पाळणा त्याचा होता, तो बहिणीसाठी गुलाबी रंगवला गेला. जेवणाची उंच खुर्ची त्याची होती, वडील तीही गुलाबी रंगवीत आहेत. एक लहानशी खुर्ची तेवढी अजून रंगवायची राहिली आहे. पीटर ती उचलतो, कुत्र्याला बरोबर घेतो, खाऊ घेतो, स्वतःचा तान्हेपणीचा फोटोही घेतो आणि घर सोडून निघतो. किती दूर? तर घराच्या पुढच्या दारापर्यंत. तेथे सामान मांडून तो खुर्चीत बसू पाहतो आणि त्याच्या ध्यानात येते की त्या खुर्चीत आता आपण मावत नाही. तो मोठा झाला आहे. पुढे घरात येऊन तो वडिलांशेजारी मोठ्या माणसाच्या खुर्चीत बसतो आणि ती धाकटी खुर्ची बहिणीसाठी रंगवू या, असे आपणहून म्हणतो.

या गोष्टीत कोणीही पीटरला रागावत नाही. “तू मोठा आहेस, तूच समजून घ्यायला हवे,” हे आपल्या घरांत दिवसातून चार वेळा उच्चारले जाणारे वाक्य तेथे नाही. मोठेपण त्याच्यावर लादले गेलेले नाही. ते त्याने खुर्चीत बसून स्वतः मोजून पाहिले. देणे त्यानंतर आले, आणि म्हणून ते खरे ठरले.

रसेल होबन यांचे ‘अ बेबी सिस्टर फॉर फ्रान्सिस’ हे १९६४ सालचे पुस्तक. चित्रे लिलियन होबन यांची. फ्रान्सिस ही बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याची पोर. पण घर अगदी माणसांचे. बाळ आल्यापासून आईला उसंत नाही. सकाळच्या खाण्यात घालायला बेदाणे संपलेले, हवा तो निळा फ्रॉक इस्त्रीवाचून पडलेला. अशा बारीकसारीक गोष्टींतूनच मुलाला आपली जागा गेल्याचे कळते, हे लेखकाने नेमके हेरले आहे. फ्रान्सिस गाठोडे बांधते आणि घर सोडून जेवणाच्या टेबलाखाली राहायला जाते. आईवडील तिला ओढून बाहेर काढीत नाहीत, आणि तिची थट्टाही करीत नाहीत. तिला ऐकू जाईल अशा बेताने ते आपसांत बोलू लागतात की फ्रान्सिसवाचून घर कसे सुने वाटते. काही वेळाने ती परत येते.

ही गोष्ट वाचताना मला दक्षिणेतील पळनीच्या टेकडीची आठवण होते. गणपती आणि कार्तिकेय यांच्या पृथ्वीप्रदक्षिणेची कथा आपण मुलांना हौसेने सांगतो. गणपतीने आईवडिलांना प्रदक्षिणा घातली आणि फळ मिळवले. आपण बुद्धीचे कौतुक करतो आणि गोष्ट संपवतो. मोरावरून साऱ्या पृथ्वीला वळसा घालून दमून आलेल्या त्या दुसऱ्या मुलाचे काय झाले, हे आपण विचारीत नाही. तमिळ परंपरा ते विचारते. तेथील कथेनुसार कार्तिकेय रुसून पळनीच्या टेकडीवर जाऊन बसला आणि शिवपार्वती त्याची समजूत घालायला तेथवर गेले. “फळ ते काय, तूच आमचे फळ आहेस,” असे त्यांनी त्याला सांगितले, आणि त्यावरूनच ‘पळनी’ हे नाव पडले, अशी लोकव्युत्पत्ती आहे. टेबलाखालची फ्रान्सिस आणि टेकडीवरचा कार्तिकेय यांच्यात फार अंतर नाही. दोघांचाही प्रश्न एकच, “माझी जागा अजून माझी आहे ना?” आणि दोन्ही कथांतील आईवडिलांनी उत्तर देताना दुसऱ्या भावंडाचे काही काढून घेतलेले नाही.

या बाबतीत अभ्यासकांचे निरीक्षणही ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी इंग्लंडमधील केंब्रिज येथे दुसरे मूल होणाऱ्या कुटुंबांचा प्रत्यक्ष घरी जाऊन अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९८२ साली आले. ज्या घरांत आई थोरल्याशी बाळाविषयी एक माणूस म्हणून बोलत असे, म्हणजे त्याला काय हवे असेल, ते का रडत असेल, यावर दोघे मिळून विचार करीत, त्या घरांत भावंडांचे संबंध पुढे अधिक स्नेहाचे राहिलेले आढळले. बाळाच्या मनात काय चालले आहे, असे थोरल्याला विचारणे म्हणजे त्याला दयेचा पहिला धडा देणे होय. चित्रपुस्तक वाचताना आपण नेमके हेच करीत असतो. “ही का रुसली असेल? बाबांचे तोंड बघ, त्यांना काय वाटत असेल?” असे आपण चित्रावर बोट ठेवून विचारतो.

केव्हिन हेंक्स यांच्या १९९० च्या ‘ज्युलियस, द बेबी ऑफ द वर्ल्ड’ या पुस्तकातील लिली नावाची उंदीर-कन्या याहून तिखट आहे. धाकट्या भावाविषयी ती वाटेल ते बोलते. आईवडील शिक्षाही करतात आणि लाडही करतात, पण तिच्यात फरक पडत नाही. मग बाळाच्या कौतुकाच्या समारंभात एक चुलतबहीण बाळाला नावे ठेवते, आणि लिली उसळून भावाच्या बाजूने उभी राहते. घरात आम्ही काही म्हणू, बाहेरच्याने म्हणायचे नाही, हा न्याय आपल्याला परका नाही. मत्सराच्या तळाशी माया असते, ती कधी कधी अशी अचानक वर येते.

ध्रुवाची उरलेली गोष्ट

कोणी म्हणेल, आपल्याकडे एवढे कथाधन असताना ही परदेशी उदाहरणे कशाला? प्रश्न योग्य आहे. माझे उत्तर असे की ती पुस्तके वाचल्यावर आपल्याच कथा आपण किती अर्ध्यामुर्ध्या सांगतो, हे ध्यानात येते.

ध्रुवाची कथा घ्या. राजा उत्तानपादाच्या मांडीवर उत्तम बसलेला आहे, ध्रुवालाही तेथे बसायचे आहे, आणि सावत्र आई सुरुची त्याला हिणवून बाजूला करते. जगातील कोणत्याही चित्रपुस्तकाला हेवा वाटावा असा हा प्रसंग आहे. एक मांडी आणि दोन मुले. आपण येथून थेट तपश्चर्येवर जातो आणि मुलाला अढळ तारा दाखवतो. पण भागवतात मधला एक क्षण आहे. रडत आलेल्या मुलाला सुनीती जवळ घेते. तिच्या मनात सवतीविषयी कडवटपणा नसेल असे नाही. तरीही ती मुलाला पहिली गोष्ट सांगते ती ही, की बाळा, दुसऱ्याचे वाईट चिंतू नकोस. अपमानाने पेटलेल्या मुलाच्या हाती तिने विखार दिला नाही. तिने त्याला वर पाहायला लावले.

आणि पुढचा भाग तर आपण सांगतच नाही. ध्रुव परत येतो, राज्य करतो. शिकारीला गेलेला उत्तम एका यक्षाकडून मारला जातो, तेव्हा ध्रुव शोकाने आणि संतापाने यक्षांवर चालून जातो. शेवटी आजोबा स्वायंभुव मनू त्याला आवरतात. ज्याने मांडीवरची जागा अडवली, त्याच भावासाठी तो इतका व्याकूळ होतो. आईच्या त्या एका वाक्याचे हे फळ होते, असे म्हणावेसे वाटते. त्या सावत्र भावांत भाऊबंदकी झाली नाही. ही पुरी गोष्ट चार वर्षांच्या मुलाला कळेल अशा मोजक्या शब्दांत आणि उत्तम चित्रांत सांगणारे पुस्तक कोणी करील, तर ते मोठेच काम होईल.

योगसूत्रांच्या पहिल्या पादात मनाच्या प्रसन्नतेसाठी मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार वृत्ती सांगितल्या आहेत. बौद्ध परंपरेतील चार ब्रह्मविहारही त्यांच्याच जवळचे. पैकी करुणा आपण मुलांना शिकवतो. भुकेल्याला द्यावे, पडलेल्याला उचलावे, हे तुलनेने सोपे आहे, कारण तेथे आपण वर असतो आणि समोरचा खाली. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या आनंदाने आनंदणे. ती अवघड, कारण तेथे समोरचा वर असतो. मत्सराचे खरे औषध तेच आहे, आणि बालवाङ्मयात त्याचीच टंचाई आहे.

चांगुलपणाची किंमत

लिओ लिओनी यांचे ‘अलेक्झांडर अँड द विंड-अप माउस’ हे १९६९ सालचे पुस्तक मुदितेच्या बरेच जवळ जाते. घरातला खरा उंदीर अलेक्झांडर, ज्याच्यावर सगळे झाडू उगारतात. आणि किल्लीचा उंदीर विली, जो मुलीच्या उशीवर झोपतो. अलेक्झांडरला वाटते, आपणही विलीसारखे व्हावे. जादूच्या सरड्याकडून तसा वर मिळण्याची वाट सापडते. जांभळा खडा तेवढा आणून द्यायचा. खडा सापडतो, पण त्याआधी त्याला दिसते की नवी खेळणी आल्यामुळे विली टाकाऊ वस्तूंच्या खोक्यात पडला आहे. अलेक्झांडर आपला वर बदलतो आणि विलीला खरा उंदीर करण्याची विनंती करतो. ज्याचा हेवा केला, त्याचेही जगणे किती उसने होते हे कळताच हेवा गळून पडतो. लेखकाने त्याला उपदेश केलेला नाही, दुसऱ्याची बाजू दाखवली आहे.

याच्या शेजारी मार्कस फिस्टर या स्विस चित्रकाराचे १९९२ चे ‘द रेनबो फिश’ ठेवून पाहा. जगभर खपलेले, चकाकत्या खवल्यांचे देखणे पुस्तक. सुंदर मासा गर्विष्ठ आहे; एक लहान मासा त्याच्याकडे एक खवला मागतो, तो देत नाही, म्हणून सगळे त्याला वाळीत टाकतात. मग तो आपले चमकते खवले एकेक करून वाटून टाकतो आणि सर्वांचा लाडका होतो. औदार्याची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते. परंतु तिच्यावर झालेला आक्षेप मला रास्त वाटतो. गर्व वाईट, हे खरे. पण मागणाऱ्या माशांच्या मत्सराला पुस्तक एका शब्दानेही विचारीत नाही. अंगावरचा खवला उतरवून दिला तरच मैत्री, हा व्यवहार झाला. ज्याला चांगले गाता येते त्याने गाणे सोडावे, म्हणजे वर्ग खूष होईल, असा अर्थ मुलाने घेतला तर त्याला दोष देता येणार नाही. मत्सरी माणसाचे समाधान करण्यासाठी स्वतःला कमी करणे म्हणजे दया नव्हे. हे पुस्तक मुलांना देऊ नये असे माझे म्हणणे नाही, उलट ते वाचून मुलांना अवश्य विचारावे, “त्या माशाने काय करायला हवे होते? आणि इतरांनी?” मुलांची उत्तरे आपल्याला चकित करतील.

तात्पर्याचा सोस

आता वाचून दाखवण्याविषयी थोडेसे. गोष्ट संपली की “मग यातून आपण काय शिकलो?” असे विचारल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी बालशिक्षणाची जी वाट घातली, त्या वाटेवर १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. त्या मंडळींचा आग्रह असा, की मुलाला गोष्ट आनंदासाठी सांगावी, तिला उपदेशाचे शेपूट जोडू नये. शंभर वर्षे होत आली, तरी शेपूट काही सुटलेले नाही.

मत्सराच्या गोष्टीत तर हे शेपूट घातक ठरते. थोरल्याने सकाळी धाकटीला चिमटा काढला, म्हणून संध्याकाळी मुद्दाम पुस्तक काढून “बघ, हा मुलगा कसा शहाणा झाला,” असे सांगणे म्हणजे पुस्तकाची छडी करणे होय. मूल त्या पुस्तकाला पुन्हा हात लावणार नाही. पुस्तक घरात आधीपासून असू द्यावे. घर शांत असताना ते वाचावे. मूल पुन्हापुन्हा तेच पान उघडू लागले, तर समजावे की त्याचे काम तेथे चालू आहे. आपण फक्त शेजारी बसायचे. शक्य असेल तर मांडीवर घ्यायचे, कारण मत्सरी मुलाला पुस्तकाइतकीच त्या मांडीची गरज असते. दहा मिनिटे पुरतात. पण ती दहा मिनिटे केवळ त्याची असावीत, बाळाला दुसऱ्या कोणी घ्यावे.

आणि दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. संध्याकाळी दयेचे पुस्तक वाचायचे आणि सकाळी “शेजारच्या मुलाला बघ किती गुण मिळाले,” असे म्हणायचे, हे एकाच घरात चालत नाही. मुलाच्या मनात तुलनेचे बी पेरणारे हात बहुधा आपलेच असतात. शेजाऱ्याची नवी गाडी, जावेचा दागिना, भावाचा बंगला यांविषयी आपण स्वयंपाकघरात जे बोलतो, ते मूल ऐकत असते. संस्कार पुस्तकातून होतात त्याच्या कितीतरी पट कानावर पडणाऱ्या बोलण्यातून होतात.

आपल्या हाती काय आहे?

मराठीत अशी पुस्तके नाहीत, ही तक्रार पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालेतील चित्रमय पुस्तके मराठीत आणि अल्प किमतीत मिळतात. ज्योत्स्ना प्रकाशनाने चित्रपुस्तके निष्ठेने काढली. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या संचात एक लहान मुलगी आपल्या घरच्या माणसांची ओळख करून देते. तिच्या घरातील माणसे, त्यांच्या सवयी, त्यांची माया हे सारे मराठी मुलाला आपल्याच घरातले वाटते. प्रथम बुक्सने २००४ पासून भारतीय भाषांत स्वस्त पुस्तके आणली आणि २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ हे विनामूल्य संकेतस्थळ सुरू केले. तेथे मराठीतील कथाही वाचता येतात. पुस्तके आहेत. ती मुलाच्या हाताच्या उंचीवर ठेवलेली नाहीत, एवढीच अडचण आहे.

म्हणून या वाचनालयाकडे माझ्या तीन विनंत्या आहेत. बालविभागातील चित्रपुस्तके कुलूपबंद कपाटात ठेवू नयेत. मुखपृष्ठ समोर दिसेल अशी, खालच्या फळीवर मांडावीत. ती फाटतील; फाटलेले पुस्तक वाचले गेलेले असते. दुसरी विनंती, आठवड्यातून एक दिवस कोणी तरी ती मुलांना मोठ्याने वाचून दाखवावीत. हे काम सेवानिवृत्त आजीआजोबांइतके चांगले कोणी करणार नाही. तिसरी, ज्या सभासदांच्या घरी दुसरे बाळ येणार आहे, त्यांच्या थोरल्या मुलाच्या नावाने वाचनालयाने एक पुस्तक आवर्जून घरी द्यावे. बाळाला पाहायला येणारा प्रत्येक जण बाळासाठी झबले आणतो. थोरल्यासाठीही कोणी काही आणले, हे त्याला कळू द्या.

ज्ञानेश्वरांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातील वाकडेपण जावे एवढेच मागितले. तीन वर्षांच्या मुलातील वाकडेपण अजून ओले असते. त्याला उपदेशाने ठोकण्यापेक्षा मायेच्या हाताने वळण देणे सोपे आहे, आणि त्या हातात एखादे चांगले चित्रपुस्तक असेल तर ते आणखी सोपे आहे.